झाकण अर्ध्यावर अडलं

चैनलाल रहांगडाले यांच्या घरची माणसं त्यांचा मुलगा तिलक याच्यासाठी मुलगी पाहायला निघाली होती, आणि गाडीत कोण कुठे बसणार हे ठरेपर्यंत अंगणातच दोनदा चहा झाला.

तसं पाहिलं तर ठरवण्यासारखं काही नव्हतं. ड्रायव्हरच्या शेजारची सीट मानाची. मान गाडीच्या मालकाचा नव्हे. मालक हा यजमान, त्याने मागे बसून गुडघे पोटाशी घ्यायचे. मान बहिणीच्या नवऱ्याचा. चैनलालजींची थोरली बहीण रुख्मा शेजारीच गोंदियात दिलेली. तिचे यजमान भैयाजी, म्हणजे मुलांचे फुफाजी. त्यांना बसा म्हणायचं, त्यांनी नको म्हणायचं, आणि हे दोन्ही बाजूंनी पुरेसं झालं की बसायचं, अशी रीत होती.

"जिजाजी, तुमी समोर बसा."

"कायले? मी मांगं बसतो. माह्यं काय."

"असं कसं? बसा."

"मले मानाचं काही नाही, चैनलाल. पन पोट्टीवाल्याईनं पाह्यलं पाह्यजे का समोर कोन उतरला."

हे म्हणेपर्यंत त्यांनी दार उघडून एक पाय आत टाकलाही होता.

गाडी तिलक चालवणार होता. मागे चौघं बसली. खिडकीपाशी चैनलालजी, मध्ये त्यांची पत्नी रामकलीबाई आणि बहीण रुख्मा, आणि दुसऱ्या दाराला चिकटलेली मुलगी योगेश्वरी, जी अर्धी सीटवर आणि अर्धी हवेत होती. सीटवर कंपनीचं प्लास्टिक तसंच होतं. गाडी घेऊन दोन वर्षं झाली होती, पण प्लास्टिक काढल्यावर गाडी जुनी होते असं चैनलालजींचं मत होतं. गाडीबद्दलचे त्यांचे बाकीचे नियमही याच जातीचे होते. दार हळू लावायचं, काचेला बोट लावायचं नाही, आणि विनाकारण गाडीत बसायचं नाही, कारण बसून बसून सीटचा फोम दबतो. गाडी फुलचूरच्या घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असे आणि चैनलालजी दुपारी झोपण्याआधी तिच्याकडे एकदा पाहून घेत.

आज मात्र त्यांच्या मनात गाडीपेक्षा मोठी काळजी होती. तिलक एकतिशीचा झाला होता. पदवीधर होता, व्यसन नव्हतं, घरची धानाची शेती स्वतः उभं राहून करत होता, आणि नेमकं तेच आडवं येत होतं. 'मुलगा काय करतो' या प्रश्नाला 'शेती' हे उत्तर दिलं की समोरची माणसं फार प्रेमाने आणखी पोहे वाढत आणि मग फोन करत नसत. तिलक हल्ली निघताना नवा शर्टही घालेनासा झाला होता. सडक अर्जुनीच्या खुशाल बिसेन यांनी मात्र सांगितलं होतं, "शेती करते तं करू द्या. पोट्टीले पाहू द्या, ते ठरवन." एवढा मोकळा निरोप रहांगडाल्यांना आजवर कोणी पाठवला नव्हता. त्यांच्या पोवार समाजात असा निरोप दुसऱ्यांदा येईल याची खात्री नव्हती.

गाडी गोरेगाव सोडून पुढे निघाली. माघातलं ऊन समोरच्या काचेतून सरळ भैयाजींच्या तोंडावर येऊ लागलं. त्यांनी वरची झडप खाली ओढली.

ही झडप सगळ्यांच्या पाहण्यातली आहे. ऊन अडवायला असते. तिच्या पाठीला एक लहानसा आरसा असतो आणि त्या आरशावर आडवं सरकणारं एक पातळ झाकण. ज्या कोणी इंजिनिअरने ते झाकण बनवलं, त्याने ऊन, धूळ, रस्त्यातले खड्डे, सगळ्याचा हिशेब केला असणार. आरशावर ऊन पडून चकाकी डोळ्यांत जाऊ नये म्हणून झाकण, आणि झाकण आपोआप उघडू नये म्हणून त्याला दोन्हीकडून बारीक खाच. माणूस हुशार होता. त्याच्या घरी फक्त कोणी रात्री कपाळावरची टिकली काढून आरशाला लावत नसेल, किंवा लावत असेल आणि त्याने कधी पाहिलं नसेल.

भैयाजींनी मिशीला त्याच सकाळी कलप लावला होता. तो नीट बसला की नाही हे पाहायला त्यांनी झाकण सरकवलं. झाकण हललं नाही. त्यांनी जोर केला. 'कट्' असा आवाज आला, झाकण अर्ध्यावर गेलं आणि तिथेच थांबलं. ते पुढेही जाईना, मागेही येईना. भैयाजींचा चष्मा खिशात होता, कारण चष्म्यात ते वयस्कर दिसत. त्यांना आरशात काहीतरी काळं दिसलं, ते त्यांनी मिशी समजून समाधानाने पाहिलं आणि झडप वर ढकलून दिली.

"काय वाजलं?" मागून चैनलालजींनी विचारलं.

"रोड खराब आहे," भैयाजी म्हणाले.

तिलकने एकदा वर झडपेकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. रामकलीबाईंनी पदर नीट केला.

सडक अर्जुनीत बिसेनांचं बियाणं-खताचं दुकान रस्त्याला लागून आणि घर दुकानाच्या मागे. अंगणात गाडी पश्चिमेला तोंड करून उभी राहिली. भैयाजी पुढच्या सीटवरून सावकाश, सगळ्यांना दिसेल असे उतरले. घरात पाहुण्यांपेक्षा पाहणारे जास्त होते. काका, काकू, शेजारी, आणि दुकानात खत घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक, जे खत बाजूला ठेवून खुर्चीवर बसलं होतं आणि त्याला कोणी उठवलं नाही.

बिसेनांची मुलगी दामिनी चहा घेऊन आली, पण चहा ठेवून परत गेली नाही. समोर खुर्ची ओढून बसली. ती जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होती. रोज स्कूटीवर गावोगाव फिरून गाईम्हशींना टोचणारी, बैलाचा जबडा उघडून आत पाहणारी मुलगी. तिलककडे तिने त्याच शांतपणाने पाहिलं.

"जनावरं किती आहेत?" तिने विचारलं.

"दोन म्हशी, बैलजोडी एक."

"लाळ्या-खुरकुताची लस दिली?"

"दिली."

"कवा?"

"पोळ्याच्या आधी."

"बरं," ती म्हणाली. चैनलालजींना वाटलं, आजवर कोणीही याला 'बरं' म्हटलं नव्हतं. त्यांनी पोह्यांची दुसरी वाटी घेतली.

मग दामिनीची आई सुलोचनाबाई म्हणाल्या, "पोराईले थोडं बोलू द्या अलग." प्रश्न जागेचा आला. मधल्या खोलीत काकू होत्या, मागच्या खोलीत बियाण्याची पोती, आणि दुकानात नोकर. खुशालजींनीच तोड काढली.

"गाडीत बसू द्या. काच लावून घेतील. आजकाल असंच करतात."

चैनलालजींच्या चेहऱ्यावरून एक सावली गेली. फोमची होती. पण त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि ती गिळली. "हाव हाव, बसा. फक्त प्लास्टिक..." एवढं म्हणून ते थांबले, आणि एवढं थांबणंही त्यांच्या मानाने मोठी गोष्ट होती.

दामिनी पुढच्या सीटवर बसली, तिलक स्टिअरिंगमागे. भैयाजी आणि चैनलालजी मदत म्हणून बाहेर आले. भैयाजी बॉनेटला टेकून उभे राहिले आणि चैनलालजी टायरची हवा पायाने तपासू लागले. एक टायर झाला की दुसरा. काच अर्धी खाली होती.

"तुमाले शेतीच करायची आहे, का काही लागलं नाही म्हणून?" दामिनीने विचारलं.

"करायचीच आहे."

"बरं."

उन्हाची तिरीप तिच्या डोळ्यांवर आली. तिने झडप ओढली. झाकण अर्धं उघडं होतं. ते बंद करायला तिने बोट लावलं, ते हललं नाही, म्हणून तिने वाकून पाहिलं. आरशाच्या कडेला, खाचेत निम्मी गेलेली, एक बारीक काळी टिकली होती.

"ही कोणाची?"

तिलकने टिकलीकडे पाहिलं. मग काचेतून बाहेर पाहिलं. हाताच्या अंतरावर वडील वाकून मागच्या टायरशी काहीतरी करत होते, आणि त्यांचा एक कान वर होता.

"मालूम नाही," तो म्हणाला. म्हणताना त्याचे कान लाल झाले. खोटं बोलायची सवय नसली की कान आधी बोलतात.

"गाडी तुमचीच ना?"

"हो."

"चालवता कोण?"

"मी."

"अन् तुमच्या बाजूला बसणाऱ्या बाईची टिकली तुमाले मालूम नाही."

तिलकने स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पुसली. दामिनीने थोडा वेळ वाट पाहिली. बैलाने तोंड उघडलं नाही तर ती आणखी वाट पाहते, पण बैलाच्या बाबतीत तिला खात्री असते. ती दार हळू लावून घरात गेली. दार इतकं हळू लावलं की चैनलालजींना ती मुलगी फार आवडली, आणि नेमकं तेव्हाच आतून सुलोचनाबाईंचा आवाज आला.

"कोनाची टिकली?"

पुढचं सगळं बैठकीत झालं. खुशालजी आवाज न चढवता बोलले, आणि म्हणून ते जास्त लागलं.

"रहांगडालेजी, आमी शेतीले नाही म्हटलं नाही. पन पोराचं कुठी काही असन, तं आधी सांगायले पाह्यजे होतं."

घरी पोवारी, बाजारात झाडीबोली आणि राग आला की हिंदी, अशी चैनलालजींची भाषांची वाटणी होती. "किसकी है बे?" ते तिलकवर ओरडले. "बोल. कौन बैठती है गाड़ी में?"

तिलक जमिनीकडे पाहत राहिला.

भैयाजींना बोलायला जागा मिळाली. "मी पह्यलेच म्हनत होतो. पोट्ट्याईच्या हातात गाडी देली का असंच होते. आमच्या जमान्यात आमी..."

"तुमच्या जमान्यात सायकल होती," रुख्मा म्हणाली. ती एवढंच म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता.

खरं तर त्या खोलीत तिलक सोडून आणखी तिघींना टिकली कोणाची असू शकते याचा अंदाज होता. तिघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या.

रामकलीबाई सगळ्यात आधी उठल्या. त्या उंचीने लहान, आवाजानेही लहान. फुलचूरच्या घरात आरसे दोन होते. एक दाराशी चैनलालजींच्या उंचीला ठोकलेला, ज्यात रामकलीबाईंना स्वतःचा भांग आणि मागच्या भिंतीवरच्या घड्याळाची वरची बाजू दिसे. दुसरा कपाटाला, त्याच्यापुढे धानाची पोती लागलेली. त्यांना आपला चेहरा पाहायचा तर तो गाडीतच पाहावा लागे. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

"टिकली माही आहे," त्या म्हणाल्या.

चैनलालजींनी मान वळवली. "तुही? तू समोर कवा बसली व?"

"बसतो. दुपारी. तुमी झोपता तवा."

चैनलालजींना एकाच वेळी सुटल्यासारखं आणि लुटल्यासारखं वाटलं. पण सुलोचनाबाई तयार नव्हत्या. त्यांनी रामकलीबाईंच्या कपाळाकडे पाहिलं.

"ताई, राग नोका मानू. तुमची टिकली तं मोठी आहे, मरून रंगाची. ते काळी आहे, बारीक." त्या हळू म्हणाल्या, "मायचं काळीज आहे, मी समजतो. पोराले वाचवून राहिल्या तुमी."

आयुष्यात पहिल्यांदा रामकलीबाईंनी चारचौघांत एक गोष्ट कबूल केली होती, आणि ती कोणी स्वीकारत नव्हतं.

"काळी माझी आहे," योगेश्वरी म्हणाली.

"घ्या," भैयाजी म्हणाले. "आता बहीन आली धावून. थोड्या वेळानं मीच म्हनीन, माही आहे."

एक काकू हसल्या. गिऱ्हाईकही हसलं. खुशालजी हसले नाहीत. त्यांनी चपला घातल्या, म्हणजे निरोप द्यायची तयारी केली.

"झाकण पूर्ण उघडून पाहू," दामिनी म्हणाली. "निम्मं पाहून मी सांगत नाही."

"नोको," रामकलीबाई म्हणाल्या.

तो 'नोको' इतका चटकन आला की ज्यांना तिलकबद्दल थोडीफार शंका शिल्लक होती त्यांचीही खात्री झाली. सगळी माणसं अंगणात आली. तिलकने पुढे होऊन म्हटलं, "राहू द्या, तुटून जाईल." त्याने आपल्या बाजूने शेवटची आशाही अशी संपवली.

झाकणाचे स्क्रू काढायला खुशालजींनी दुकानातून पेचकस आणला. चैनलालजींनी तो पाहिला आणि गाडीपुढे उभे राहिले. "पेचकस नोका लावू जी. कंपनीचं आहे." मुलाचं लग्न मोडत असतानाही त्यांना हे सुचलं, यावरून माणसाचं मन किती कप्प्यांचं असतं ते कळतं.

"पेचकस कायले?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "टिकलीचा गोंद आहे तो. उन्हानं वितळून खाचेत गेला." त्यांनी घरातून खोबरेल तेलाची बाटली आणि कापूस आणला, दोन्ही खाचांत तेल सोडलं आणि थोडा वेळ थांबल्या. तेलालाही वेळ लागतो. मग त्यांनी एका बोटाने झाकण सरकवलं आणि ते गुपचूप, काही झालंच नव्हतं असं, सरकून गेलं.

आरसा असा दिसलाच नाही. टिकल्या दिसल्या. मरून मोठ्या, काळ्या बारीक, हिरव्या, आणि एका कोपऱ्यात खड्याच्या. झाकणाखाली दडलेल्या कडेला, एकीखाली एक, शिस्तीत लावलेल्या. मधोमध फक्त एका चेहऱ्यापुरती जागा सोडलेली होती, आणि ती जागाही लहान उंचीच्या माणसाच्या सोयीने थोडी खाली होती.

अंगणातल्या बायकांना ते लगेच कळलं. पुरुषांना वेळ लागला.

"मरून माह्या," रामकलीबाई म्हणाल्या. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तर त्यांचा आवाज थोडा मोकळा झाला होता. "काळ्या योगेश्वरीच्या. खड्याच्या, त्या बाजूच्या घरच्या टीनाच्या."

"बाजूची टीना बी येते?" चैनलालजींनी विचारलं.

"येते. तिच्या घरी गाडी नाही."

"अन् हिरव्या?" भैयाजींनी विचारलं. विचारता विचारता त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर ठेवला होता, आणि चष्मा लावल्यावर त्यांना पहिली गोष्ट दिसली ती बायकोचं कपाळ.

"तू?"

"मंग," रुख्मा म्हणाली.

"तू तं मंगळवारी भजनाले जातो म्हनत होती."

"भजन बी होते."

"कुठी?"

"गाडीत. मांगच्या सीटवर."

भैयाजींनी चष्मा काढून पुन्हा खिशात ठेवला.

चैनलालजींना मात्र अजून एक गोष्ट सुटत नव्हती. "पन गाडी तं चालू होत नाही. किलोमीटर मी पाहतो रोज. तुमी चौघी जाता कुठी?"

"कुठी नाही."

"मंग करता काय?"

"बसतो," रामकलीबाई म्हणाल्या. त्यांनी शब्द शोधला, दुसरा सापडला नाही. "घरात बसलं का कोनी ना कोनी हाक मारते. पानी दे, चाय ठेव, माहा चष्मा कुठी आहे. गाडीत बसलं, काच लावली, का आवाज येत नाही."

"मी हाका मारतो ते आयकू येत नाही?"

रामकलीबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला.

"येते," त्या म्हणाल्या. "पन लहान येते."

चैनलालजी गाडीकडे पाहत होते. दोन वर्षं त्यांनी ती जपली होती, धूळ बसू दिली नव्हती, आणि ती रोज दुपारी त्यांच्या घोरण्यापासून दहा पावलांवर भरून जात होती. त्यांना फोमची आठवण झाली, पण ती काढायची ही वेळ नव्हे इतकं त्यांना समजलं.

सुलोचनाबाईंनी तेलाचा कापूस टाकून दिला. "दार लावलं का खरंच आवाज कमी येते?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या सीटवर बसून दार ओढून घेतलं. काच वर केली.

"अवो," खुशालजी म्हणाले, "पाहुन्याईचा चाय ठेवा लागन."

सुलोचनाबाई समोर पाहत होत्या.

"अवो, आयकू येते का?"

त्यांनी झडपेच्या आरशात पाहून भांगातला एक केस मागे सारला. खुशालजी काचेजवळ जाऊन पुन्हा म्हणाले आणि मग स्वतःच चहा सांगायला आत गेले. एक काकू मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. आतून दार उघडलं गेलं.

या गडबडीत दामिनी आणि तिलक दुकानाच्या ओट्यापाशी, युरियाच्या पोत्यांजवळ उभे होते. कान देऊन ऐकणारं आता कोणी उरलं नव्हतं.

"तुमाले मालूम होतं," दामिनी म्हणाली.

"हो."

"गाडी कोण धुते?"

"मी. दर रविवारी."

"आरसा नाही पुसत?"

"नाही."

"काऊन?"

"पुसला तर त्यांच्या टिकल्या जातील."

दामिनीने मान हलवली. "अन् किल्ली? तुमचे बाबूजी तर गाडीला लॉक लावून झोपत असतील."

"लॉक लावायचं काम माझ्याकडं आहे. मी शेतावर जातो तेव्हा लावायला विसरतो."

"रोज?"

"रोज."

"मघा सांगितलं असतं तर एवढं झालं नसतं. मी तर उठून गेलो होतो."

विदर्भाच्या या टोकाला मुलीही 'गेलो' म्हणतात, आणि दामिनी चिडली की जास्तच म्हणायची. तिलकला ते आवडलं. तो म्हणाला, "बाबूजी टायरपाशी होते. सांगितलं असतं तर उद्यापासून गाडीला कुलूप लागलं असतं. तुम्ही नाही म्हटलं असतं तर काय, मला सवय आहे. आईचं तेवढंच आहे."

हे तो बिचारेपणाने बोलला नाही. धानाला पाणी कधी सोडायचं हे जसं सांगावं, तसं सांगितलं. दामिनीने त्याच्याकडे आणखी थोडा वेळ पाहिलं. मग ती घरात गेली. जाताना तिने दवाखान्यात विचारावा तसा एक प्रश्न विचारला, "म्हशी दूध किती देतात?" आणि उत्तर ऐकून पुन्हा "बरं" म्हणाली.

चहा झाला. तो खुशालजींनी सांगून केलेला असल्याने त्यात साखर दोनदा पडली होती. चैनलालजी तो गोड मानून पीत होते, कारण आता काय ऐकायला मिळणार याची त्यांना कल्पना होती. घरी परतताना रामकलीला काय बोलावं, याचीही त्यांनी मनात हिंदीत जुळवाजुळव चालवली होती.

खुशालजी आतून बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर, ज्याला आपल्या घरातला निर्णय सगळ्यांनंतर कळतो अशा माणसाचा गोंधळ होता.

"रहांगडालेजी, पोट्टी हो म्हनते."

चैनलालजींनी कप खाली ठेवला. "हो म्हनते?"

"हाव."

"एवढं सगळं झाल्यावर? काय पाहून?"

"मी बी तेच इचारलं," खुशालजी म्हणाले. "म्हने, गाडी पाहून."

चैनलालजींची पाठ हळूहळू सरळ झाली. मनात जुळवलेलं हिंदी त्यांनी तिथेच सोडून दिलं. ज्या गाडीने घरात एवढी चोरी केली, तिनेच मुलाचं लग्न जमवलं होतं, आणि गाडी कोणी जपली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिलक बाजूलाच उभा होता. त्याने वडिलांचा समज दुरुस्त केला नाही.

साखरपुडा झाला, लग्नाची तिथी धरली. फुलचूरमध्ये आता चैनलालजी भेटेल त्याला सांगतात की पोराचं नाही, गाडीचं काम होतं. गाडी जपली पाहिजे, नवी ठेवली पाहिजे, पोरगी पाहूनच हो म्हणते. कोणी हसलं तर त्यांना ते कौतुक वाटतं.

दुपारी गिरणीत धानाचं काम निघालं की ते रस्त्यावर येऊन ऑटोला हात करतात. ऑटोवाला मुन्ना ओळखीचा आहे. पहिल्या दिवशी त्याला नवल वाटलं.

"काकाजी, गाडी बिघड गई क्या?"

"नाही. उभी आहे शेडमधी."

"मग ऑटोनं काऊन?"

चैनलालजींनी शेडकडे पाहिलं. काचा वर होत्या. आत चार डोकी दिसत होती आणि डॅशबोर्डवर फोन उभा केलेला होता. फोनमधली सडक अर्जुनीची होणारी सून काहीतरी सांगत होती आणि चारही डोकी हलत होती. सीटवरचं प्लास्टिक कोणीतरी काढून नीट घडी करून मागच्या काचेपाशी ठेवलं होतं.

"खाली नाही, भरली आहे," ते म्हणाले, आणि ऑटोत आत सरकून बसले.